टर्नटेबल घेतला आणि ठाण्यातला एक पावसाळा काढला, आता लिहिते

टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन. उन्हाळ्यात घेतला होता, आता थंडी सुरू झाली, म्हणजे अख्खा पावसाळा या मशीनने बघितलाय. साधा बेल्ट ड्राइव्ह आहे (मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते), सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँप आतच, त्यामुळे पॉवर्ड, म्हणजे आत स्वतःचा अँप असलेल्या स्पीकरला डायरेक्ट लागतो. माझी अट एकच होती, सुई धरणाऱ्या आर्मच्या मागे फिरवता येणारं वजन हवं, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा भार ठरवता येतो. ते सुटकेसवाले प्लेयर दिसतात गोड, पण बहुतेकांत सुईचा भार बदलता येत नाही आणि आतल्याच स्पीकरची थरथर सुईपर्यंत जाते. माझ्या कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) 2 ग्रॅम लागतात, छोटा डिजिटल काटा आणून सेट केलं. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जास्त टिकते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण फार हलकी सुई खाचेत धड बसत नाही, उडते आणि खाच उलट जास्त खराब होते.

आवाज मस्त. सध्या बाबांच्या जुन्या एचएमव्ही कंपनीच्या रेकॉर्ड चालू आहेत, कोलकात्याजवळच्या डमडमच्या फॅक्टरीतल्या, किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला की तानपुरा अगदी वेगळा काढून ठेवल्यासारखा ऐकू येतो. फक्त लेबलजवळ आलं की आवाज चरचरतो. कारण रेकॉर्ड फिरते मिनिटाला 33⅓ फेऱ्या याच वेगाने, पण आत घेर लहान, तेवढ्याच सेकंदाला खाच कमी मिळते, त्यात माझी सुई साधी गोल टोकाची. आणि आपल्या ख्यालाची गंमत अशी की द्रुत, ताना, सगळी धावपळ वीसेक मिनिटांच्या साइडच्या शेवटालाच येते! त्यामुळे शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी प्लेयरवर थोडे पैसे वाचवून लंबगोल टोकाची सुई घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, मीही पुढची तीच घेणार.

आता पावसाळा. परदेशी व्हिडिओत सगळे स्टॅटिकच्या (रेकॉर्डवर साचणारी स्थिर वीज) नावाने रडतात, इथे जून ते सप्टेंबर स्टॅटिक नावालाही नाही, बुरशी आहे. ती प्लास्टिक खात नाही, बोटांचं तेल, धूळ आणि जुनी कागदी पाकिटं यांवर वाढते, म्हणून नुसती रेकॉर्ड धुवून परत त्याच पाकिटात टाकली तर पंधरा दिवसांत पुन्हा पांढरे ठिपके. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने परत एकदा, पूर्ण वाळवून नवीन आतलं पाकीट. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून नको.

हम, म्हणजे स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज, येत असेल तर आधी ग्राउंडची वायर बघा. घोडबंदर रोडवरून डंपर गेला तरी आमच्याकडे सुई उडत नाही, शेल्फ भिंतीला ठोकलाय म्हणून. पुतण्या उड्या मारतो तेव्हाही नाही, ही मोठी गोष्ट.

जुन्या तबकड्यांचा 78 चा स्पीड (मिनिटाला 78 फेऱ्या) याला नाही, आणि त्या तबकड्यांना सुईही जाड लागते. त्यांना अल्कोहोल मात्र चुकूनही लावू नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ठाणे-कळव्यात कुणाकडे 78 वाजवणारं चालू मशीन असेल तर सांगा, आजोबांची नाट्यगीतं घेऊन येते, चहा माझ्याकडून.