कोलेस्ट्रॉलची म्हणून खाल्लेली कॅप्सूल

लातूरच्या ज्या खाजगी दवाखान्यात श्रावणात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तिथल्या भूल तपासणीबद्दल, म्हणजे ऑपरेशनआधी भुलीचे डॉक्टर बघतात त्याबद्दल, हे लिहितोय. ऑपरेशन चांगलं झालं, सर्जनचा हात हलका आहे. पण सर्जनचं नाव लोक एकमेकांना सांगतातच. भुलीच्या डॉक्टरांचं नाव कागदावर कुठंतरी खाली बारीक अक्षरात असतं आणि घरी आल्यावर कुणाला आठवत नाही. नाव मीही टाकत नाही. त्या बाईंची जाहिरात करायची नाही, आणि आधीच्या ज्या दवाखान्याबद्दल लिहिणार आहे त्याच्याशी भांडायचं नाही.

मी आडत दुकानावर मुनीम, वय 61. चौदा महिन्यांपूर्वी अटॅक आला, हृदयाच्या नळीत एक स्टेंट, म्हणजे जाळी, बसली. तेव्हापासून रात्री जेवल्यावर एक कॅप्सूल. मेडिकलवरचा पोरगा "काका, तुमची कोलेस्ट्रॉलची" म्हणून पुढं करायचा, घरातही तेच नाव पडलं. काट्यावरची पन्नास ग्रॅमची गडबड मी लांबून ओळखतो, पण स्वतःच्या गोळीच्या पाकिटामागं काय छापलंय ते कधी वाचलं नव्हतं.

आधीच्या दवाखान्यात फॉर्म भरणारा मुलगा उभ्या उभ्या विचारत होता. शुगर? नाही. बीपी? आहे. आधी ऑपरेशन? नाही. आता हे नाही खोटं होतं का? माझी अँजिओप्लास्टी, म्हणजे तो स्टेंट बसवणं, मनगटातून झाली, दोन दिवसांत घरी आलो, टाका नाही की जखम नाही. त्याला ऑपरेशन म्हणतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं. गोळ्या? "बीपीची अन् कोलेस्ट्रॉलची." त्यानं लिहून घेतलं. परवा सकाळी उपाशी या, कमरेतून भूल देऊ. झालं. पहाटे मात्र मला सणकून ताप भरला आणि तारीख हुकली. त्या तापाचे मी उपकार मानतो.

मग भाच्यानं दुसरा दवाखाना सुचवला. तिथं भूल तपासणीची खोली वेगळी, दिवस ठरलेले, आणि अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवरच शिक्का मारलेला: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट आणाव्यात. फीचे 500 रुपये वेगळे घेतात. मला ते आधी टोचलं होतं. म्हणलं, ऑपरेशनचे पैसे देतोयच की, भुलीवाल्यांना नुसतं बघायचे पाचशे कशाला?

मॅडम चाळिशीच्या असतील. माझी कापडी पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. बीपीची बाजूला, गॅसची बाजूला, गुडघ्यासाठी मी अधूनमधून घेतो ती दुखण्याची गोळी बाजूला. कॅप्सूलचं पाकीट उलटं करून चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं. क्लोपिडोग्रेल 75, एस्पिरिन 75, रोसुवास्टॅटिन 10.

"काका, ह्यात कोलेस्ट्रॉलचं औषध फक्त शेवटचं. आधीची दोन्ही रक्त पातळ करणारी. शेवटची कधी घेतली?"

"काल रात्री."

"मग ह्या शुक्रवारी कमरेत सुई नाही."

आमच्या मंडळींचा चेहरा उतरला. सर्जननं शुक्रवार दिला होता, पोरगा पुण्याहून रजा काढून आला होता. मी हुज्जत घातली. रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांचा, आकडा चांगला, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा, नॉर्मल. कागद पुढं केला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या की ह्या कॅप्सूलचं काम आयएनआरमध्ये दिसतच नाही. आयएनआर वारफेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांसाठी बघतात. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटला धरतं. प्लेटलेट मोजायला भरपूर असतील, पण त्यांची एकमेकींना चिकटायची ताकद गेलेली असते, आणि जिची गेली तिची ती मरेपर्यंत परत येत नाही. प्लेटलेट जगते आठ-दहा दिवस. म्हणजे गोळी बंद केली तरी जुना माल खपून नवा यायला वेळ द्यावा लागतो. हे शब्द माझे, पण मॅडम हसून म्हणाल्या, अगदी बरोबर, म्हणून पाच ते सात दिवस.

सुई कुठं देतात तेही त्यांनी माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं. मज्जारज्जू मोठ्या माणसात साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या फटीत. त्यामुळं "सुईनं नस तुटून पाय जातात" ही आमच्या गल्लीतली भीती त्यांनी तिथंच निकालात काढली. मात्र दुसरी भीती त्यांनी स्वतःहून सांगितली, आणि मला त्यांचा भरवसा वाटला तो ह्याच्यामुळं. मणक्याच्या नळीच्या आत बारीक शिरांचं जाळं असतं. सुई त्यातल्या एखादीला लागू शकते. एरवी थेंब-दोन थेंब येऊन ते आपोआप थांबतं. रक्त पातळ असेल तर थांबत नाही, आणि नळी हाडाची, तिला फुगायला जागा नाही. साठलेलं रक्त नसांवर दाबतं. फार क्वचित होतं, पण झालं तर पाय लुळे पडू शकतात, आणि मग काही तासांच्या आत ऑपरेशन करून ते रक्त काढावं लागतं.

हे ऐकल्यावर मी गप्प. गप्प राहिल्या नाहीत त्या आमच्या मंडळी. "मॅडम, बंद केली अन् स्टेंट बंद पडला तर? कमरेचं वाचवायचं अन् छातीचं घालवायचं, असं कसं?"

चौदा महिन्यांत ह्या बाईनं एकही रात्र माझी कॅप्सूल चुकू दिली नव्हती, लग्नाला गेलो तरी पदराच्या गाठीला बांधून न्यायची. तिच्या प्रश्नाला उडवून लावणारे डॉक्टर मी पाहिलेत. ह्या मॅडम म्हणाल्या, "काकू, हाच प्रश्न आहे. म्हणून हे मी एकटी ठरवणार नाही. हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तोंडी नको, लिहून." स्टेंट नवा असता तर असल्या न घाईच्या ऑपरेशनला मी हो म्हणलंच नसतं, हेही त्या बोलल्या. अटॅकनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर लागतात. माझं वर्ष उलटलं होतं. आणि हार्टवाले नाही म्हणाले असते तर? तर पूर्ण भूल देऊन, किंवा नुसती ती जागा बधिर करूनही हर्नियाचं ऑपरेशन होतं म्हणे. कमरेतली सुई हा एकच रस्ता नाही हे मला त्या दिवशी कळलं.

मी रोज सकाळी दोन पाकळ्या कच्चा लसूण खातो, रक्त पातळ होतं म्हणून. तेही विचारून घेतलं. मॅडमनी डोळ्यात पाणी येईपर्यंत हसून घेतलं. "खा काका. लसणावरून मी कुणाची भूल थांबवत नाही. फक्त ऑपरेशनच्या दिवशी उपाशी या."

हार्टच्या डॉक्टरांनी लिहून दिलं ते असं. कॅप्सूल बंद. एस्पिरिन 75 ची सुटी गोळी चालू, एकही दिवस खंड नाही. कोलेस्ट्रॉलची सुटी गोळी चालू. क्लोपिडोग्रेल सात दिवस आधी बंद आणि पुन्हा सुरू नाही, इथून पुढं एकट्या एस्पिरिनवर. म्हणजे तीन गोळ्या एकाच टोपणात भरलेल्या असल्यानं खरी पंचाईत झाली होती. कॅप्सूल खाल्ली तर तिन्ही पोटात, बंद केली तर तिन्ही बंद, हृदयाला धरून ठेवणारी एस्पिरिनसुद्धा. आणि एस्पिरिन एकटी असेल तर कमरेच्या भुलीला अडथळा होत नाही, असं मॅडमनी सांगितलं. माझ्या ओळखीच्या तिघांनी मला "सगळंच बंद करा, चार दिवसांनी काय होतंय" असा सल्ला दिला होता.

बाकावर शेजारी अहमदपूरकडची एक बाई होती, हृदयात धातूची झडप बसवलेली. तिची गोळी वारफेरिन. तिला पाच दिवस आधी बंद करून मधल्या दिवसांत पोटात रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं, शेवटचं इंजेक्शन भुलीच्या चोवीस तास आधी, आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा आयएनआर. तिच्या लेकानं माझा कागद बघितला आणि म्हणाला, "मामा, तुमचे सात दिवस, आमचे पाच, अन् आम्हाला सुया बी. हे कामून?" मी त्याला प्लेटलेटचा जुना माल-नवा माल समजावायला लागलो, तेवढ्यात त्यांचा नंबर आला. बरं झालं, नाहीतर मी त्या बिचाऱ्याच्या आईची गोळीही क्लोपिडोग्रेल करून ठेवली असती.

शेवटची कॅप्सूल मी 8 ऑगस्टच्या रात्री घेतली. रोजमेळाच्या वहीत नोंद केली, खाली रेघ मारली. ऑपरेशन 16 तारखेला. त्या दिवशी तीच विचारणा तीन वेळा झाली: दाखल होताना सिस्टरनं, थिएटरच्या दारात, आणि सुई भरताना स्वतः मॅडमनी. तिसऱ्यांदा मी वहीच काढून दाखवणार होतो, पण अंगावर हिरवा झगा होता.

सुईचं म्हणाल तर बसवलं, हनुवटी छातीला लावून पाठ वाकवायला लावली, गार स्पिरिट फिरलं, मुंगी चावल्यासारखं झालं. मग ढुंगणापासून खाली ऊन ऊन काहीतरी उतरत गेलं आणि पाय सोयाबीनच्या भरल्या पोत्यांसारखे जड. माझेच पाय, पण दुसऱ्याच्या खात्यावर. वॉर्डात आल्यावर सिस्टर थोड्या थोड्या वेळानं "अंगठा हलवा" म्हणायची. साडेतीन तासांनी डावा हलला, मग उजवा. मॅडम संध्याकाळी येऊन सांगून गेल्या: पाय मोकळे झाल्यावर पुन्हा जड वाटले, कंबर जबर दुखली, लघवी अडली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच सांगायचं, सकाळची वाट बघायची नाही. डोकं दुखलं का तेही विचारलं. नाही दुखलं. सुई केसासारखी बारीक वापरतात त्यामुळं आता ते कमी झालंय म्हणाल्या.

आता तक्रारी. दोन वाजताचा नंबर देतात, चार वाजता आत घेतात, बाकावर पंखा नाही. संमतीपत्र इंग्रजीत; मॅडमनी तोंडी सगळं सांगितलं, पण सही मी न वाचलेल्या कागदावर केली, आणि मुनिमाला हे सहन होत नाही. तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. डिस्चार्ज कार्डावर शिकाऊ डॉक्टरनं "जुनी औषधे चालू ठेवणे" एवढंच लिहिलं होतं. भूल तपासणीत गोळी गोळी निवडून घेतली आणि दारातून बाहेर पडताना सगळं पुन्हा एका ओळीत गुंडाळलं. फोन केला तर मॅडमनीच उचलला आणि हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी धरा म्हणाल्या. कार्ड बदलून मिळालं, पण एक चक्कर पडली. पाचापैकी चार तारे देतो, आणि चारही त्या खोलीचे आहेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मेडिकलवर गेलो. पोरग्यानं न विचारताच फळीवरून पाकीट काढून पुढं सरकवलं. "काका, तुमची कोलेस्ट्रॉलची."

मी ते उलटं केलं आणि त्याला मोठ्यानं वाचायला लावलं.