तान्ह्या मुलांसाठी लघवीची चिकट पिशवी : कशासाठी घ्यावी, कशासाठी नाही

तान्ह्या मुलांची लघवी तपासणीसाठी गोळा करण्याकरिता मेडिकलमध्ये चिकट कडेची जी पारदर्शक पिशवी मिळते, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या दुकानात ती सहज मिळाली. किंमत किरकोळ आहे, वेष्टन निर्जंतुक असते आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा असल्यामुळे लघवी पुरेशी जमली की नाही हे चटकन कळते. वस्तू म्हणून तिच्यात खोट काढण्यासारखे थोडेच आहे. मात्र तिच्यातल्या नमुन्याच्या रिपोर्टवर कितपत विसंबावे हे आमच्या वेष्टनावर कुठेही लिहिलेले नव्हते, आणि आईवडिलांना आधी कळायला हवे ते नेमके हेच.

पिशवी टिकणे न टिकणे त्वचेवर अवलंबून असते. आपल्याकडे बाळाला तेल लावून अंघोळ घालण्याची आणि वर पावडर लावण्याची रीत असल्याने मांड्यांच्या वळ्यांत तेलाचा अंश राहतोच, आणि तेवढ्यानेही चिकट कड एका बाजूने सुटते. नमुना द्यायच्या दिवशी तेल-पावडर टाळावी, जागा साबणाच्या पाण्याने व नंतर साध्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी. मुलीला पिशवी लावताना शीच्या जागेच्या पुढच्या अरुंद भागापासून चिकटवत वर जावे. वरून सुरुवात केली तर खाली सुरकुती पडते आणि लघवी तिथूनच गळते. अर्ध्या तासात लघवी झाली नाही तर पुन्हा धुऊन नवी पिशवी लावणे योग्य, म्हणून दोन-तीन एकदमच आणलेल्या बऱ्या. काढताना कड फार सावकाश सोलावी लागते. आमच्या मुलीची त्वचा तरीही लाल झाली.

खरी अडचण कल्चरची, म्हणजे लघवीतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीची आहे. मुलांच्या मूत्रमार्गाच्या संसर्गाला बहुतेक वेळा ई. कोलाय हा जिवाणू कारणीभूत असतो, आणि तो मूळचा आतड्यातला असल्यामुळे शीच्या जागेभोवतीच्या त्वचेवरही सापडतो. पिशवीतली लघवी त्याच त्वचेला लागून खाली येते, त्यामुळे कल्चरमध्ये वाढलेला जिवाणू मूत्राशयातला की त्वचेवरचा, हे प्रयोगशाळेला सांगता येत नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पिशवीतल्या नमुन्याच्या कल्चरवरून निदान पक्के करता येत नाही, असे म्हटले आहे. कल्चरमध्ये काहीच वाढले नाही, तर मात्र तो रिपोर्ट उपयोगी ठरतो.

आमच्या दहा महिन्यांच्या मुलीला सर्दी-खोकला काहीही नसताना ताप येत होता, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी लघवीची रुटीन आणि कल्चर तपासणी सांगितली. घरी नमुना न्यायला आलेला लॅबचा मुलगा तो साध्या बॅगेत टाकून पुढच्या घरांकडे निघाला. अशी लघवी तासाभरात प्रयोगशाळेत पोचायला हवी, नाहीतर फ्रिजच्या तापमानात ठेवायला हवी. उन्हात तिच्यातले थोडेसे जिवाणूही झपाट्याने वाढतात. रिपोर्टमध्ये अनेक प्रकारच्या जिवाणूंची मिश्र वाढ आली, म्हणजे त्यावरून काहीच ठरवता येईना. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी लघवीच्या वाटेने मूत्राशयात बारीक नळी घालून पुन्हा नमुना घेतला, त्यात एकट्या ई. कोलायची वाढ निघाली, आणि मग कोणते औषध लागू पडेल हेही त्याच रिपोर्टवरून ठरले. औषधाचा डोस आधी पोटात गेला असता तर कल्चर फसण्याची शक्यता होती. नळीच्या नावाने पालकांचा जीव घाबरतो हे मी जाणते, पण ते काम काही मिनिटांत आटोपते.

प्राथमिक चाचणीसाठी मात्र मी ही पिशवी जरूर घेईन. तिच्यातल्या ताज्या लघवीत रंग बदलणारी पट्टी बुडवून पांढऱ्या पेशींची खूण आणि नायट्राइट (काही जिवाणू लघवीत तयार करतात ते रसायन) पाहता येते, आणि त्यात संशय आला तरच नळीचा नमुना घ्यावा लागतो. पट्टीवर नायट्राइट दिसण्यासाठी लघवी सुमारे चार तास मूत्राशयात साठून राहावी लागते. तान्ही मुले घडीघडीला लघवी करतात, तेव्हा नायट्राइट नाही म्हणून संसर्ग नाही असे समजू नये.

पिशवीसोबत झाकणाची निर्जंतुक डबीही आणावी. बाळाला धुऊन, लघवीच्या मधल्या धारेखाली डबी धरून घेतलेला नमुना पिशवीपेक्षा पुष्कळ भरवशाचा असतो. मेलबर्नमधल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटावर गार सलाइनने (मिठाच्या पाण्याने) भिजवलेला गॉझ हळुवार चोळल्यावर ३१ टक्के बाळांनी पाच मिनिटांत लघवी केली. नुसती वाट पाहिलेल्या बाळांत हे प्रमाण १२ टक्के होते. घरी हे दोघांनी मिळून करावे, एकाने बाळाला धरावे आणि दुसऱ्याने डबी तयार ठेवावी.