एच-४ वरच्या मुलांच्या पालकांनो, ‘गॅरंटीड स्कॉलरशिप’वाल्यांपासून सांभाळा

न्यू जर्सीत आणि आसपास राहणाऱ्या, ज्यांची मुलं यंदा किंवा पुढच्या वर्षी सीनिअर इयरला, म्हणजे बारावीला, आहेत अशा मराठी पालकांसाठी हे लिहिते आहे. त्यातही जे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबले आहेत आणि ज्यांची मुलं एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, इथल्याच शाळांत लहानाची मोठी झाली, त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावं. आमचे ४,२०० डॉलर गेले आणि त्यातले निम्मेही परत आले नाहीत. पण पैशांहून फार मोठं काहीतरी थोडक्यात वाचलं. तो धोका मला भेटलेल्या बहुतेक पालकांना ठाऊकच नव्हता.

आधी आपली अडचण मांडते, कारण या लोकांचा सगळा धंदा तिच्यावरच उभा आहे. कॉलेजसाठी केंद्र सरकारची जी मदत मिळते, म्हणजे पेल ग्रँट (परत न करायचं अनुदान), सरकारी कर्ज, वर्क-स्टडी (शिकता शिकता करायची नोकरी), ती फॅफ्सा नावाच्या सरकारी फॉर्मवरून ठरते. ती फक्त अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारख्या काही ठरावीक गटांनाच मिळते. एच-४ त्यात बसत नाही. आईवडिलांनी इथे कितीही वर्षं टॅक्स भरलेला असो, मूल किंडरगार्टनपासून इथे शिकलेलं असो, नियम तोच. आर्थिक मदतीच्या बाबतीत बरीच कॉलेजं आपल्या मुलांना परदेशी विद्यार्थ्यांच्या गटात टाकतात. वर एकवीस पूर्ण झाली की एच-४ संपतो, ती काळजी वेगळी. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुली फॅफ्साबद्दल बोलत असत तेव्हा ती गप्प बसायची. आईला हे सगळं दिसत असतं.

अशा वेळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फ्लायर आला. ‘एच-४ विद्यार्थ्यांसाठी स्कॉलरशिप, मोफत सेमिनार’. रविवारी दुपारी, एका हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये. बोलणारा गृहस्थ मराठीच, स्वच्छ पुणेरी बोलणारा. पहिला अर्धा तास त्याने जे सांगितलं ते सगळं खरं होतं. व्हिसाची अडचण, फीचे आकडे, कुठली कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही ऐपत न बघता प्रवेश देतात. आपल्या मनातली भीती कोणीतरी आपल्याच भाषेत नेमकी मांडतोय म्हटल्यावर खोलीतले सगळे माना डोलावत होते. मग त्याने एकेका कुटुंबाला बाजूच्या खोलीत बोलावायला सुरुवात केली.

“ताई, तुमच्या मुलीची केस स्ट्राँग आहे. फक्त प्रेझेंटेशन कमी पडतंय. आपल्या माणसांना मी डिस्काउंट देतो, पण सीट्स आजच्यापुरत्याच आहेत.” फी ४,२०० डॉलर. १,५०० तिथेच कार्डावर, बाकीचे २,७०० आठवड्याभरात झेलवर (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय), का तर “कार्डाची तीन टक्के फी तुमचीच वाचेल.” करारात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘आर्थिक मदतीची गॅरंटी, नाहीतर पूर्ण पैसे परत’.

या गॅरंटीची कळ कुठे आहे ते मला नंतर समजलं. कराराच्या मागच्या पानावर ‘आर्थिक मदत’ याचा अर्थ दिला होता: कुठलीही ग्रँट, स्कॉलरशिप, नोकरी किंवा कर्ज. म्हणजे एखाद्या कॉलेजने मुलीला साधं कर्ज देऊ केलं तरी यांची गॅरंटी पूर्ण, पैसे परत देण्याचा प्रश्न मिटला. नागरिक असलेल्या मुलांना ही अट पाळणं फुकट असतं, कारण फॅफ्सा भरला की पहिल्या वर्षाला ५,५०० डॉलरपर्यंतचं सरकारी कर्ज जवळजवळ कोणालाही मिळतं. त्यासाठी कोणाला हजारो डॉलर द्यायची गरज नाही, तो फॉर्म स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर मोफत भरता येतो. पण माझ्या मुलीला ते कर्ज मिळूच शकत नव्हतं. मग आमच्याबाबतीत हे लोक गॅरंटी पूर्ण कशी करणार होते?

त्यांनी कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणून अर्ज करायच्या साइटचा, पासवर्ड मागून घेतला. “आम्ही सगळं बघतो, तिला अभ्यास करू दे.” आमचे टॅक्स रिटर्न, पासपोर्टच्या प्रती, व्हिसाची कागदपत्रं, सगळं त्यांच्या पोर्टलवर गेलं. मग स्कॉलरशिपची लांबलचक यादी आली. मुलीने एकेक नाव तपासायला घेतलं तर पहिल्या पानावरच्या बहुतेकांसाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असणं ही पहिलीच अट. कोका-कोला स्कॉलर्ससारखी प्रसिद्ध स्कॉलरशिपही त्यात होती, आणि तिची पात्रता त्यांच्या साइटवर कोणालाही वाचता येते. यादीतल्या एका ‘फाउंडेशन’ने तर आठवड्याभरात कळवलं की मुलीची निवड झाली आहे, रक्कम राखून ठेवायला ३९५ डॉलर प्रोसेसिंग फी भरा. तिने तिथे अर्जसुद्धा केला नव्हता. ते पैसे आम्ही भरले नाहीत. जी स्कॉलरशिप घेण्यासाठी आधी पैसे भरावे लागतात ती स्कॉलरशिप नसते, हे एफटीसी ही ग्राहकांच्या संरक्षणासाठीची केंद्र सरकारची संस्था कित्येक वर्षं सांगत आली आहे. असल्या फसवणुकीला जास्त शिक्षा व्हावी म्हणून इथे २००० साली वेगळा कायदाही झाला. तरीही पत्रं येतात, कारण कोणी ना कोणी भरतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेची अर्ली ॲक्शनची, म्हणजे लवकर अर्ज करायची, मुदत जवळ आली तेव्हा मुलीने स्वतः लॉगइन करून सगळा अर्ज वाचला. रात्री उशिरा ती लॅपटॉप घेऊन आमच्या खोलीत आली. ॲक्टिव्हिटीजच्या रकान्यात लिहिलं होतं की तिने वाईजवळच्या एका गावात मुलींसाठी संगणक वर्ग चालवणारी संस्था स्थापन केली. वाई तिचं आजोळ. उन्हाळ्यात ती तिथे आजीकडे राहते, आंबे खाते, मामेबहिणींबरोबर घाटावर जाते. एवढं तिने त्यांना गप्पांत सांगितलं होतं, त्यावरून यांनी संस्था उभी केली. “आई, हे वाचून आजीला काय वाटेल?” असं ती म्हणाली. मला अजून ते आठवलं की राग येतो. अर्जाच्या शेवटी विद्यार्थ्याला सही करून सांगावं लागतं की यातली माहिती खरी आणि माझीच आहे. ती सही तिची असणार होती, त्यांची नाही. खोटं उघड झालं तर कॉलेज दिलेला प्रवेशसुद्धा काढून घेऊ शकतं.

आणि मग तिने नागरिकत्वाचा रकाना दाखवला. तिने तिथे भारतीय नागरिक लिहून व्हिसाचा प्रकार भरला होता. तो बदललेला होता. आता तिथे ‘यू.एस. नागरिक’ असं निवडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, हे फक्त कॉलेजला दिसतं. त्याने फाइल डोमेस्टिक पूलमध्ये जाते. ग्रीन कार्ड येईलच ना आज ना उद्या. सगळे करतात.”

आम्ही इमिग्रेशन वकिलाकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक एच-४ घरात सगळ्यांना माहीत हवं. ३० सप्टेंबर १९९६ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे, केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याखाली मिळणाऱ्या एखाद्या लाभासाठी अमेरिकन नागरिक असल्याचा खोटा दावा जो परदेशी माणूस करतो, त्याला ग्रीन कार्डसाठी कायमचं अपात्र ठरवता येतं. इमिग्रेशनच्या इतर बऱ्याच चुकांना माफीची वाट असते, हिला जवळजवळ नाहीच. कॉलेजच्या अर्जातला एक रकाना त्या व्याख्येत बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतात. “पण तो वाद तुमच्या मुलीच्या ग्रीन कार्डच्या मुलाखतीत घालायची वेळ का आणायची?” असं त्या म्हणाल्या. तोच दावा फॅफ्सावर गेला तर गोष्ट आणखी सरळ होते. तो केंद्र सरकारचाच फॉर्म आहे, आणि त्यावर जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणजे आमच्या ४,२०० डॉलरांच्या बदल्यात, मुलीला नागरिक दाखवून कर्ज मिळालं की आपली गॅरंटी कागदावर पूर्ण दिसावी म्हणून, या माणसाने माझ्या मुलीचं या देशातलं सगळं आयुष्य पणाला लावलं होतं. आणि फॅफ्सा तरी पुढे सरकला असता का? विद्यार्थ्याला त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, आणि एच-४ वरच्या मुलांकडे तो सहसा नसतोच. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

अर्ज अजून सबमिट झाला नव्हता, म्हणून आम्ही वाचलो. पासवर्ड बदलला, नागरिकत्वाचा रकाना दुरुस्त केला, वाईची ती संस्था काढून टाकली. तिथे मुलीने जे खरं होतं ते लिहिलं: शनिवारी मराठी शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवते, घरी धाकट्या भावाला सांभाळते. कॉलेजं घरातल्या जबाबदाऱ्यासुद्धा ॲक्टिव्हिटी म्हणून धरतात, हे तिच्या शाळेच्या काउन्सेलरने सांगितलं. त्या बाईंच्या डोक्यावर ढीगभर मुलं आहेत, पण वेळ मागितल्यावर त्यांनी दिला, आणि एक पैसा न घेता त्या करारातल्या सगळ्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाचं सांगितलं.

पैशांचं म्हणाल तर कार्डावरचे १,५०० परत मिळाले. स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, ती केली, करार आणि अर्जाचे स्क्रीनशॉट जोडले. झेलवरचे २,७०० गेले. आपण स्वतःच्या हाताने पाठवलेले झेलचे पैसे बँक सहसा परत आणून देत नाही, आणि तीन टक्के वाचवायला सांगण्यामागे हेच कारण होतं. एफटीसीकडे आणि न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रारी दिल्या आहेत.

अजून एक गोष्ट हॉटेलात कोणीच सांगितली नाही, सांगणारही नव्हतं. एफटीसीचा कूलिंग-ऑफ नियम आहे. हॉटेलची खोली, भाड्याचा हॉल अशा तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचा व्यवहार झाला, तर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत तो कारण न देता रद्द करता येतो. त्यात शनिवार मोजतात, रविवार आणि सरकारी सुट्टी मोजत नाहीत. विकणाऱ्याने रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती आपल्या हातात द्यायच्या असतात. आम्हाला एकही मिळाली नाही. कोणाला असल्या सेमिनारमधून सही करून आल्यावर रात्री मनात पाल चुकचुकली, तर तो आवाज ऐका आणि रद्द केल्याचं पत्र पोस्टाने, पोच घेऊन पाठवा.

आपल्या मुलांना काहीच मिळत नाही असं मात्र समजू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही ऐपत न बघता निवडतात आणि गरज असेल तेवढी मदत देतात. तिथे प्रवेश मिळणं फार अवघड आहे, पण नियम तरी मुलाच्या बाजूने आहे. बऱ्याच खासगी कॉलेजांच्या स्वतःच्या पैशातून मिळणारी मदत सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्मवर ठरते. तो फॉर्म पहिल्या कॉलेजला २५ आणि पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर घेतो, हजारो नाही. स्टेट कॉलेजमध्ये इन-स्टेट फी, म्हणजे राज्याच्या रहिवाशांची कमी फी, लागू होते का, हे राज्याराज्यात वेगळं आहे. ते त्या कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसलाच ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. गावातली लायब्ररी, पीटीए, रोटरी, शाळेचे माजी विद्यार्थी यांच्या छोट्या स्कॉलरशिपमध्ये बऱ्याचदा नागरिकत्वाची अटच नसते. माझ्या मुलीने यंदा त्यांच्यावरच भर दिला आहे. आणि पैसे देऊन काउन्सेलर घ्यायचाच असेल, तर प्रवेशाची किंवा स्कॉलरशिपची गॅरंटी देणारा नको. या व्यवसायातल्या जबाबदार संघटना आपल्या सदस्यांना अशी गॅरंटी देऊच देत नाहीत.

त्या गृहस्थाचे सेमिनार अजून चालू आहेत. हॉटेल बदललं आहे, फ्लायर तोच आहे. ज्यांनी कोणाला कॉमन ॲपचा, कॉलेज पोर्टलचा किंवा स्टुडंटएडचा पासवर्ड दिला आहे, त्यांनी आज रात्री मुलांना बरोबर घेऊन बसा आणि अर्जाची प्रत्येक ओळ वाचा, नागरिकत्वाच्या रकान्यापासून सुरुवात करा. मग पासवर्ड बदला. चुकीचा अर्ज आधीच गेला असेल तर कॉलेजला स्वतः ईमेल करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला भेटा, पण उद्यावर ढकलू नका, कारण दुरुस्ती किती लवकर आणि स्वतःहून केली याला महत्त्व असतं. त्यानंतर शाळेच्या काउन्सेलरला सांगा. ट्रान्स्क्रिप्ट त्याच पाठवतात, आणि कॉलेजशी बोलायची वेळ आली तर मुलाच्या बाजूने फोन उचलणाऱ्याही त्याच असतात.