वर ५०० वॉट, आत २१६: स्वस्त एसएमपीएसने घातलेला गंडा

एसएमपीएसचे (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) १,४५०, कन्व्हर्टरचे १५०, मदरबोर्डचे ८,३००, ग्राफिक्स कार्डचे २६,४००. एकूण ३६,३०० रुपये एका संध्याकाळी जळाले आणि दुकानदार म्हणतो, "तुमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होत असेल, साहेब."

व्होल्टेज म्हणे! त्याच घरात फ्रिज, टीव्ही, राउटर सगळं ठणठणीत. जळलं ते फक्त त्याच्या डब्याला जोडलेलं.

मुलीला व्हिडिओ एडिटिंगसाठी पीसी हवा होता. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जायला सुट्टी मिळेना, म्हणून जवळचं दुकान गाठलं. मी अडाणी गिऱ्हाईक नाही, हिशोब करून गेलो होतो. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे १७० वॉट, प्रोसेसर ६५, बाकी किरकोळ. खोक्यावर ५०० छापलंय, तर कोण शंका घेईल?

पण शंका घ्यायची जागा होती, तीही डोळ्यांसमोर. कार्डाला ८ पिनची वायर लागते आणि या एसएमपीएसला ती नव्हतीच. दुकानदाराने ड्रॉवरमधून मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या वायरीला जोडायचा) कन्व्हर्टर काढला, "सगळे हेच लावतात" म्हणाला, वर १५० घेतले. कार्डाची वायरच दिलेली नाही म्हणजे हा डबा कार्डासाठी नाही, हे बनवणारा उघड सांगत होता. तेवढ्यात मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली, दुकानदार घाई करतोय... आजही आठवलं की डोकं तापतं.

लेबल नीट वाचलं ते सगळं जळल्यावर. १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. गुणा: २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे वरचा मोठा आकडा शोभेचा. खरेदीआधी हा गुणाकार दुकानातच करा. सोनेरी गोल स्टिकरवर '८०' दिसलं म्हणून भुलू नका. खऱ्या ८० प्लस (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) मॉडेलांची यादी इंटरनेटवर आहे, तिथे नाव आणि मॉडेल नंबर शोधा. डबा हातात घेऊन बघा, रिकाम्यासारखा हलका लागला तर परत ठेवा. कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळणारा तर नकोच.

सर्व्हिस सेंटरने बोर्डावरचा जळका डाग बघून वॉरंटी नाकारली. पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला, इथे नाही." ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, "दुकानदाराशी संपर्क साधला आहे" असा मेसेज आला आणि तक्रार बंद! कोणाच्या परवानगीने बंद? खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे, म्हणून ज्यांच्याकडे तो विषय येतो त्या कार्यालयात खोकं घेऊन गेलो. साहेब मीटिंगमध्ये. नंतर साहेब दौऱ्यावर. शेवटी भेटले तर म्हणाले, "खोकं नको, पक्कं बिल आणा."

पक्कं बिल! ते मागितलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल. बजेटवाला माणूस काय करणार? चिठोऱ्यावर नुसतं 'पार्ट्स' लिहून दिलंय. तुम्ही जीएसटी भरा, पण बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्याच. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही, पण कागद लागतो. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, तीच जोडतोय.

आणि जळालेला एसएमपीएस घरी उघडायला जाऊ नका. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर झटका देतात.