टेराचिनाचं ज्युपिटर आंक्सुर मंदिर: जोतं बघायला जा

सोलापुरात मी बांधकामाची कंत्राटं घेतो. कुठलीही जुनी वास्तू दिसली की माझी नजर आधी जोत्यावर जाते. लेकीकडे रोमला गेलो होतो, तेव्हा ती आम्हाला रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेल्या टेराचिना गावी घेऊन गेली. इटलीत बघितलेल्या सगळ्या जागांत मला हीच सगळ्यात जास्त आवडली.

समुद्राला लागूनच मोंते सांत आंजेलो डोंगर, उंची २२७ मीटर. माथ्यावर इ.स.पू. पहिल्या शतकातलं ज्युपिटर आंक्सुरचं देऊळ. ज्युपिटर म्हणजे रोमन लोकांचा देवांचा राजा, आंक्सुर हे त्याचं इथलं बालरूप. खांब आणि छप्पर बघायला गेलात तर हिरमोड होईल, वरचं बांधकाम जवळजवळ गेलंय. पण खालचं जोतं! उतारावर सपाट जागा मिळावी म्हणून समुद्राच्या अंगाला ओळीने बारा कमानी उभ्या केल्यात, आतून एकमेकींना जोडलेल्या. गाभा रोमन काँक्रीटचा, म्हणजे चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडाचे तुकडे. दर्शनी बाजूला लहान, ओबडधोबड दगड बसवलेत. आपला भुईकोट काळ्या दगडाचा, इथे सगळी पांढरट चुनखडी. लोखंडाची एक सळई नाही. एवढ्या कमानींचं सेंट्रिंग, त्याचं लाकूड, चुना, पाणी, सगळं त्या चढावर कसं नेलं असेल? बायको वरून हाका मारत होती, माझा पाय निघेना.

जोतं समुद्राकडे तोंड करून आहे, देऊळ मात्र त्यावर तिरकं. देवाची दिशा आधीच ठरलेली असावी, असं मला वाटतं.

१८९४ च्या उत्खननात इथे शिशाची इवलीशी भांडी आणि सामान सापडलं, चक्क भातुकली. त्यावरून हे बाल-ज्युपिटरचं देऊळ मानलं गेलं. आता काही अभ्यासक प्रेमदेवता व्हीनसचंही नाव घेतात. लेकराची भातुकली देवाला कुणी वाहिली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

खाली उतरल्यावर पिस्को मोंतानो हा समुद्रालगतचा कातळकडा चुकवू नका. रोमहून दक्षिणेला जाणारा रोमनांचा आपिया रस्ता आधी डोंगरावरून जायचा. ट्राजन बादशहाच्या काळात समुद्राकडेचा कडा तोडून तो खालून नेला. किती तोडलं त्याचे आकडे दर दहा रोमन फुटांवर कातळातच कोरलेत, वरून खाली थेट १२० पर्यंत. कुठल्याही कंत्राटदाराने हात जोडावेत असं काम.

जायला रोम-नेपल्स मार्गावरचं मोंते सान बियाजो स्टेशन, तिथून बस. डोंगर चढायला गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीच करावी. जोत्यावर सावली नाही. सोलापूरच्या उन्हाची सवय असली तरी टोपी आणि पाणी घ्या, आणि कमानींच्या आत फिरायला निवांत वेळ ठेवा.