स्वतंत्र पार्ट डी की मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज? औषधविम्याची निवड करताना

अमेरिकेत वयाची 65 वर्षे पूर्ण होऊन मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात, येणाऱ्या व्यक्तीला औषधांचा विमा मुख्यतः दोन मार्गांनी घेता येतो. एक तर सरकार थेट चालवते ती मूळ मेडिकेअर तशीच ठेवून तिला पार्ट डीची, म्हणजे औषधविम्याची, स्वतंत्र योजना जोडायची, नाहीतर मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजची अशी योजना घ्यायची, जिच्यात रुग्णालय, डॉक्टर आणि औषधे यांचा विमा एकत्र मिळतो. 2006 पासून चालू असलेल्या या औषधविम्याचे नियम सरकारचे असले, तरी दोन्हीकडे योजना विकतात त्या खासगी कंपन्याच.

निव्वळ औषधांपुरते पाहिले, तर दोन्हींचा मूळ साचा एकच आहे. 2026 साठी डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम) 615 डॉलरपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि औषधांवर वर्षभरात 2,100 डॉलरचा खर्च रुग्णाच्या नावावर जमा झाला की उरलेल्या वर्षात त्याला काही द्यावे लागत नाही. योजनेत समाविष्ट असलेल्या इन्सुलिनला महिन्याला 35 डॉलरहून अधिक आकारता येत नाहीत. मात्र या 2,100 डॉलरमध्ये मासिक हप्ता धरला जात नाही, आणि योजनेच्या यादीत नसलेल्या औषधावर केलेला खर्चही धरला जात नाही.

म्हणूनच हप्त्याआधी औषधांची यादी तपासावी, असे माझे ठाम मत आहे. रक्त पातळ ठेवणारे एलिक्विस हे सरकारने किंमत ठरवून घेतलेल्या पहिल्या दहा औषधांपैकी एक असल्यामुळे 2026 मध्ये ते पार्ट डीच्या प्रत्येक योजनेत असावेच लागते. पण त्याच रुग्णाचे इन्हेलर एका योजनेत स्वस्त गटात, दुसरीत महाग गटात, तर तिसरीत मुळीच नसू शकते. यादीत असले तरी कंपनीची पूर्वपरवानगी किंवा आधी स्वस्त औषध वापरून पाहण्याची अट असू शकते. कंपनीच्या पसंतीच्या फार्मसीतून घेतल्यास तेच औषध स्वस्त पडू शकते, हेही पाहून ठेवावे.

खरा फरक औषधांच्या बाहेर आहे. अनेक अ‍ॅडव्हांटेज योजनांना पार्ट बीच्या (मेडिकेअरचा डॉक्टर व बाह्यरुग्ण सेवांचा भाग) हप्त्याखेरीज वेगळा हप्ता नसतो आणि वैद्यकीय खर्चालाही वार्षिक मर्यादा असते, पण डॉक्टर व रुग्णालये बहुधा नेटवर्कमधलीच घ्यावी लागतात. मूळ मेडिकेअरमध्ये ती अडचण नाही. तिथे पार्ट बीच्या सेवांचा साधारण 20 टक्के भार स्वतःवर येतो आणि तो पेलण्यासाठी मेडिगॅप, म्हणजे खासगी कंपनीचा पूरक विमा, घ्यावे लागते. मेडिगॅप प्रकृतीची चौकशी न करता मिळण्याची हमी पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिनेच असते. 65 व्या वर्षी सुरुवातीलाच अ‍ॅडव्हांटेज घेतलेल्यांना पहिल्या वर्षात मूळ मेडिकेअरकडे परतून अशाच हमीने मेडिगॅप घेण्याची मुभा आहे. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी आजारपण पाहून मेडिगॅप नाकारू शकते. दुर्धर आजार असलेल्यांनी, हप्ता परवडत असेल तर, मूळ मेडिकेअर, मेडिगॅप आणि स्वतंत्र पार्ट डी हाच मार्ग धरावा, असे मला वाटते.

आज औषधे लागत नाहीत म्हणून नोंदणी टाळणेही महागात पडते. तोडीस तोड दुसरा विमा नसताना सलग 63 दिवस वा अधिक काळ गेला, तर प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय आधार हप्त्याच्या (सरकार दरवर्षी जाहीर करते ती पार्ट डीच्या हप्त्याची आधारभूत रक्कम) 1 टक्का दंड दरमहा लागतो, आणि तो साधारणपणे पार्ट डी असेपर्यंत भरावा लागतो. योजना बदलायची असल्यास 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळात पुढच्या वर्षाची औषधयादी पाहावी, कारण ती दरवर्षी बदलू शकते.