क्लाउझेविट्झचं 'ऑन वॉर': घाई न करता वाचा

सैन्यात सिग्नल्समध्ये बावीस वर्षं काढली, पण प्रशियन सेनाधिकारी क्लाउझेविट्झचं युद्धाविषयीचं हे पुस्तक हाती आलं ते निवृत्तीनंतर. मी हॉवर्ड आणि पॅरेट यांचा १९७६ चा इंग्रजी अनुवाद घेतला. आलेल्या प्रतीचा कोपरा चेपलेला होता, छपाई मात्र स्वच्छ.

पहिल्या भागातलं सातवं प्रकरण मी तीनदा वाचलं. विषय 'घर्षण'. युद्धात सगळं सोपं असतं, पण सोपी गोष्टच अवघड होऊन बसते. पाण्यातून चालताना साधं पाऊलही जड होतं, तसं. पावसात वायरलेस बंद पडून एक साधा निरोप पोचवायला लागलेली रात्र आठवली. इतक्या नेमकेपणाने ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

सहावा भाग, बचावाचा, फार लांबतो. डोंगर, नद्या, जंगलं संपतच नाहीत. तिथे मी पानं उलटली. लेखक १८३१ मध्ये कॉलऱ्याने गेला, काम अर्धवट राहिलं. पहिलं प्रकरण तेवढं त्याच्या मते पूर्ण झालं होतं. पत्नी मारीने हस्तलिखितं १८३२ पासून छापून आणली. तिची प्रस्तावना आधी वाचा, मग थेट पहिलं प्रकरण.